अब्बांचा कॉम्प्युटर

बटण दाबले की आतला पंखा फिरायचा. कॅबिनेटच्या तोंडावरचा हिरवा दिवा लागायचा. मग आतून 'टूंऽऽ' असा लांबलचक आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मॉनिटरचा दिवा मात्र नारिंगीच राहायचा आणि पडदा काळा तो काळाच. आम्ही तिघे भावंडे त्या काळ्या पडद्यात आपापले चेहरे पाहत बसलो होतो. मागे दारात अम्मी उभी होती. तिने विचारले, "दिखता क्या कुच?"

काहीच दिसत नव्हते.

अब्बांना जाऊन साडेचार महिने झाले होते. अम्मीची इद्दत नुकतीच संपली होती. ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली त्या पहिल्याच दिवशी तिने दुकानाच्या हिशेबाचा विषय काढला. कफन-दफन, मग कर्ज, मग वसियत आणि त्यानंतर वाटणी, हा क्रम आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पण क्रम ठाऊक असणे वेगळे आणि कर्ज किती, कोणाचे, हे ठाऊक असणे वेगळे. जनाज्याच्या नमाजाआधी आमच्यातल्या थोरल्याने रिवाजाप्रमाणे सांगितले होते, की कोणाचे काही देणे असेल तर आम्हाला भेटा. कोणीही पुढे आले नाही. आम्ही ते पुरेसे मानले. अम्मीने मानले नव्हते.

"लोगां शरमाते," ती म्हणाली. "उनो सब उसमेंच लिखते थे. पहले उसमें देखो."

'उसमें' म्हणजे माळ्यावर चादरीत बांधून ठेवलेला हा कॉम्प्युटर. आदल्याच दिवशी आम्ही भंगारवाल्याशी त्याचा सौदा केला होता. मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, सगळे मिळून पाचशे रुपये.

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर अब्बांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या लाकडी केसी आणि एक कंपोझिटर काका. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, उरुसाची हँडबिले, बारशाची कार्डे असे काम. अब्बा उलटी अक्षरे सुलट्याइतकीच भराभर वाचत. पुढे गावात डीटीपीची दुकाने निघाली. खिळ्यांची लग्नपत्रिका कोणाला नकोशी झाली. २००४ साली अब्बांनी ट्रेडल वजनावर विकले, कंपोझिटर काकांना निरोप दिला आणि अठ्ठावीस हजारांचा जोडून घेतलेला कॉम्प्युटर दुकानात आणला. तेव्हा ते पन्नाशीला आले होते. दुसऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसून ते पेजमेकर शिकले. पेजमेकरपलीकडे ते काही शिकले नाहीत, त्यामुळे हिशेबही पेजमेकरमध्येच लिहीत.

आम्ही तेव्हा शाळेत होतो. घरात कॉम्प्युटर आला म्हणून आमच्या उड्या. पण अब्बांनी एकदाही आम्हाला गेम खेळू दिला नाही. "धंद्याची चीज आहे," एवढेच म्हणायचे. त्याचा राग आम्ही बरीच वर्षे मनात ठेवला होता, हे इथे कबूल केले पाहिजे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. दुकानापर्यंत पाणी आले नाही, पण धास्तीने अब्बांनी कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी आणला आणि जेवणाच्या खोलीत मांडला. थोडेफार काम तिथूनच चालले. पुढच्या वर्षी लॉकडाऊन आले, दुकान बंद झाले ते उघडलेच नाही. मग कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

आमच्यातला थोरला शिक्षक, मधली आपा सांगलीला पतसंस्थेत, धाकटा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. साहजिकच सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. त्याने हात वर केले. त्याच्या कंपनीत मशीन बिघडले की दुसऱ्या मजल्यावरचा माणूस येतो, कॅबिनेट कशाने उघडतात हेही त्याला ठाऊक नव्हते.

म्हणून प्रथम स्टेशनरोडकडच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि निकाल दिला, "बोर्ड गेलाय. आता असा बोर्ड कुठे मिळायचा? डाटा पाहिजे तर हार्डडिस्क काढून देतो." हे बरे वाटले. त्याने डिस्क काढली, चाळीस पिनांची रुंद पट्टी सोडवली, एका छोट्या जोडणीने डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. फोल्डर दिसले! अम्मीसुद्धा पुढे सरकली. पण पेजमेकरच्या फाईली त्याच्या मशीनवर उघडेनात. वर्डमधली एक फाईल उघडली तर पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे, मध्येच पौंडाची खूण, मध्येच उलटे प्रश्नचिन्ह. तो मराठी मजकूरच होता. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी डीटीपीवाले जे मराठी फॉन्ट वापरत, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट असेल तर 'क', नसेल तर भलतेच काही. अब्बांचे मराठी सॉफ्टवेअर त्यांच्या मशीनवरच होते आणि त्याचे लॉक, बोटभर लांबीचा एक डबा, प्रिंटरच्या पंचवीस भोकांच्या पोर्टला लावलेले. लॅपटॉपला तसा पोर्टच नाही.

म्हणजे हिशेब वाचायचा तर अब्बांचेच मशीन चालू व्हायला हवे. दुरुस्तीवाला डिस्क परत बसवून, शंभर रुपये घेऊन गेला. भंगारवाल्याला आम्ही आठ दिवस थांबायला सांगितले.

आता आम्हीच करायचे ठरले. मे महिन्याची सुट्टी होती, आणि धाकट्याला हार्डवेअर येत नसले तरी शोधाशोध कशी करायची हे येत होते. त्याने एक नियम घातला. बाहेरून आत जायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे काय झाले ते कळत नाही.

सर्वांत बाहेरचा म्हणजे मॉनिटर. त्याची केबल कॅबिनेटमधून काढली आणि नुसता मॉनिटर चालू केला. पडद्यावर रंगीत चौकट आली आणि केबल तपासा असा निरोप आला. म्हणजे मॉनिटर धडधाकट होता. नारिंगी दिव्याचा अर्थ इतकाच, की वीज आहे पण कॅबिनेटकडून चित्र येत नाही. केबलचे तोंड उजेडात धरले तर पंधरा पिनांच्या तीन ओळींत मधल्या ओळीतली एक पिन नाहीच! "सापडलं," थोरला ओरडला. पण ती नववी पिन बऱ्याच केबलींना मुळातच नसते. अशा खोट्या आनंदाचे प्रसंग त्या आठवड्यात पुष्कळ आले.

मग कॅबिनेट. वीज काढली, वायर काढून पुन्हा एकदा बटण दाबले म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पत्रा उघडला तर आत धुळीची गोधडी. पंख्याच्या पात्यांवर, मदरबोर्डवर, सगळीकडे. तळाशी पालीची दोन वाळलेली अंडी. मऊ ब्रशने आम्ही सगळे झाडले, मागची बाजूही पुसली. एसएमपीएस उघडले नाही. त्यात आणि जुन्या मॉनिटरमध्ये वीज काढल्यावरही जीवघेणा झटका राहू शकतो. केर काढताना एक पिवळा पडलेला, वाळक्या चिकटपट्टीचा कागदाचा तुकडा केरसुणीत आला. त्यावर अब्बांच्या अक्षरात लिहिले होते, 'इथे नाही. खाली लाव.' आम्ही तो केराच्या ढिगात टाकला.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांत हे नळकांड्यासारखे भाग सदोष निघाले. त्यांची टोपी फुगते, कधी तपकिरी रस गळतो, आणि बोर्ड कायमचा आजारी पडतो. अब्बांच्या बोर्डवरच्या सगळ्या टोप्या सपाट होत्या. आपा म्हणाली, "दुरुस्तीवाल्यानं पत्रा उघडला होता, तर एवढं तरी बघायचं होतं."

आता राहिला तो आवाज. आम्ही त्याला मशीनचा शेवटचा सुस्कारा समजत होतो. प्रत्यक्षात पडदा उजळण्याआधी मशीन स्वतःची तपासणी करते आणि काही चुकले तर या आवाजातून सांगते. मशीनमशीनप्रमाणे खुणा बदलतात, पण या जातीच्या मशीनवर एक छोटा आवाज म्हणजे सगळे ठीक. एक लांब, दोन छोटे म्हणजे चित्राच्या कार्डाची तक्रार. आणि लांब आवाज थांबून थांबून येत राहिला तर रॅम सापडत नाही. म्हणजे 'बोर्ड गेलाय' हे खोटे. गेलेला बोर्ड तक्रार करत नाही. पाच वर्षे बंद राहिलेले मशीन पहिल्या दिवसापासून आपले दुखणे सांगत होते आणि आम्हाला ती भाषा येत नव्हती.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, कडेच्या कळा दाबून दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. थोरल्याच्या दप्तरातल्या खोडरबराने आम्ही ते दात घासले. लहानपणी पाटी पुसावी तसे, हलक्या हाताने. मग एकच पट्टी एका खाचेत. लांब आवाज. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. लांब आवाज. ती बाजूला ठेवली. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत बसवली, दोन्ही कळा 'टक्' करून मिटल्या, बटण दाबले.

'टिक्.' एकच. छोटा.

आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहून हसलो. मग पडद्याकडे पाहिले. काळा. नारिंगी दिवा.

त्या रात्री कोणी फारसे जेवले नाही. आधी मशीन आजारी होते आणि पडदा काळा होता, ते समजत होते. आता मशीन म्हणत होते सगळे ठीक आहे, आणि पडदा काळाच होता. केबल पुन्हा घट्ट केली. स्क्रू आवळले. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मृत होता, तो नवा आणून घातला. पडदा काळाच. आपाने मध्येच विचारले, की समजा उघडलेच नाही तर आपण मोकळे का? थोरला म्हणाला, प्रयत्न केल्यावर माणूस मोकळा. धाकटा काही बोलला नाही. खरे तर त्या घडीला न उघडले तर बरे, असेही आमच्यातल्या एकाला वाटून गेले होते. कोणाला ते सांगत नाही. आत मोठे कर्ज निघाले तर? थोरल्याच्या घराचे हप्ते चालू होते.

सकाळी अम्मीने चहा दिला आणि आपल्या सुईदोऱ्याच्या डब्यातून तो पिवळा तुकडा काढून टेबलावर ठेवला. आम्ही केरात टाकलेला तिने उचलून ठेवला होता. तिला मराठी वाचता येते, पण सावकाश. तिने वाचले म्हणून उचलला नव्हता, अक्षर अब्बांचे होते म्हणून उचलला होता.

"ये कां का है रे?" तिने विचारले.

कुठला? आम्ही कॅबिनेट फिरवले. मागच्या बाजूला वर, कीबोर्ड-माऊसच्या शेजारी, एक निळा पंधरा भोकांचा पोर्ट. आमची केबल त्यातच होती. त्या पोर्टच्या कडेला वाळलेल्या चिकटपट्टीचा चौकोनी डाग. आणि त्याच्या खाली वितभर अंतरावर, आडव्या पट्टीत, धुळीने भरलेला आणखी एक निळा पोर्ट.

अब्बांनी मागाहून कधीतरी चित्राचे वेगळे कार्ड बसवून घेतले होते. असे कार्ड बसवले की या जातीच्या मशीनमध्ये बोर्डावरचा मूळ पोर्ट आपोआप बंद होतो. मशीन चित्र पाठवत होते, पण खालच्या दाराने. आम्ही वरच्या दाराशी उभे होतो. माळ्यावरून काढल्यावर केबल आम्हीच लावली होती. रॅमचा दोष काळाचा होता, हा दोष आमचा. अब्बांना स्वतःला त्या चिठ्ठीची गरज नव्हती. रोज हाताळणाऱ्या माणसाला अशी चिठ्ठी लागत नाही.

केबल खाली लावली. बटण दाबले. छोटा आवाज. मॉनिटरचा दिवा हिरवा झाला, काचेवर चरचर झाली आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटली. सेल मेल्यामुळे मशीन तारीख विसरले होते. आम्ही २०२५ च्या मे महिन्यात बसलो होतो आणि मशीन १ जानेवारी २००३ सांगत होते. त्या तारखेला ट्रेडल चालू होते, कंपोझिटर काका केसीपुढे उभे होते, अब्बांच्या दाढीत दोनचार केस पांढरे होते. पुढे जाण्यासाठी एक कळ दाबायची होती. थोडा वेळ कोणी दाबली नाही.

'हिसाब' नावाची फाईल सापडली. उघडली आणि आपाला हसू आवरेना. अब्बांनी हिशेबाला लग्नपत्रिकेची चौकट घातली होती, चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी. आत दोन रकाने, 'येणे' आणि 'देणे'.

येणे लांबलचक होते. कित्येक नावांपुढे एकच शब्द, 'सोडले'. त्यातली एक ओळ अशी होती : लग्नपत्रिका ३०० प्रती, १,१५० रुपये, मुलीचे लग्न मोडले, सोडले. एका मंडळाच्या पावतीपुस्तकांपुढे मात्र लिहिले होते : ६४० रुपये, सोडणार नाही. ते शेवटपर्यंत आलेले दिसत नव्हते.

देण्यात कागदवाल्याच्या ओळी होत्या, सगळ्यांपुढे 'फेडले'. फक्त दोन ओळी मोकळ्या होत्या. पहिली : कंपोझिटर, दोन महिन्यांचा पगार, २,४०० रुपये. दुसरी आमच्या नावाची होती.

'पोरांच्या डब्यातले ६,३००. कॉम्प्युटर घेताना. तिघांना सांगितलेले नाही.'

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात आमची ईदी आणि थोरल्याच्या स्कॉलरशिपचे पैसे असत. एकदा डबा रिकामा दिसला तेव्हा अब्बा म्हणाले होते, बँकेत टाकले. आम्ही विसरून गेलो. ज्याला हात लावू दिला नाही म्हणून आम्ही रागावलो होतो, आणि जो पाचशे रुपयांना भंगारात द्यायला निघालो होतो, त्या कॉम्प्युटरमध्ये आमचेही पैसे होते. अब्बांनी ते वीस वर्षे देण्याच्या रकान्यात ठेवले होते. हे त्यांनी आम्हाला का सांगितले नाही, हे आता विचारता येत नाही. कदाचित फेडून मग सांगायचे असेल.

मोबाइलने पडद्याचे फोटो काढले. जुन्या मॉनिटरचा फोटो काढला की मध्ये काळे पट्टे येतात, म्हणून दोन-तीनदा काढावे लागले.

कंपोझिटर काका हयात नाहीत. त्यांच्या पत्नी मुलाकडे राहतात. थोरला आणि आपा जाऊन आले. चोवीसशे रुपयांत आज काय येते, म्हणून आपाने जास्त रक्कम पाकिटात घातली होती. बाईंनी पाकीट उघडून मोजले, वरचे परत दिले. "लिहिलंय तेवढंच द्या," म्हणाल्या. "आमच्याकडंबी तेवढंच लिहिलंय."

घरी आल्यावर अम्मी म्हणाली, "और तुमारा?"

आम्ही म्हणालो, आमचे काय, सोडले. अम्मीला ते तोंडी चालेना. बालिग वारसांनी आपला हक्क सोडला तर सुटतो, हे तिला माहीत होते. पण ज्या वहीत देणे लिहिले आहे त्याच वहीत ते मिटले पाहिजे, असे तिचे म्हणणे. आम्ही पुन्हा मशीन चालू केले. अब्बांच्या सॉफ्टवेअरमध्ये कळफलक जुन्या मराठी टाइपरायटरसारखा. 'स' कुठे, काना-मात्रा कुठे, काही कळेना. तिघांनी मिळून कळा शोधत 'सोडले' हा एक शब्द टाइप करायला दहा मिनिटे लागली. मात्रा दोनदा भलत्याच अक्षरावर पडली. अम्मी शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. शब्द पुरा झाल्यावर तिने तो बोट ठेवून वाचला आणि मान हलवली.

भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितले. कॉम्प्युटर आता जेवणाच्या खोलीत आहे. महिन्यातून एकदा आपा येऊन चालू करते, म्हणजे रॅमच्या दातांवर पुन्हा थर चढायला नको. वरच्या निळ्या पोर्टवर नवी चिकटपट्टी आहे. तिच्याखाली तोच पिवळा कागद लावला आहे, 'इथे नाही. खाली लाव.'